पॉलिशच्या आधी दार बघू देतो का, ते विचारा

देवरुखहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कापून देतोय.

"दादा नमस्कार, गावी घर बांधतोय, जांभ्या चिऱ्याचं, काम जोत्यापर्यंत आलंय. मेन दार दोन झडपांचं ४ बाय ७, मागचं एक, आतल्या खोल्यांची चार आणि बाथरूम-संडासची दोन एवढी दारं करायचीत. तीन ठिकाणी विचारलं. एक कोल्हापूरचं शोरूम, तिथे रेडी कोरीव दार ६८ हजार, म्हणतात सीपी टीक आहे. दुसरा इन्स्टावर सापडला, 'डायरेक्ट फॅक्टरी, प्युअर बर्मा टीक', तेवढंच दार चौकटीसकट ३२ हजार, पॉलिश आणि ट्रान्सपोर्ट त्यातच, पण ७० टक्के ॲडव्हान्स आणि ऑफर फक्त रविवारपर्यंत. तिसरे आमच्या वाडीतले सुतारकाका, ते म्हणतात लाकूड तुम्ही आणा, मी मजुरी घेतो. सासूबाई म्हणतात परड्यात आपलीच सागाची झाडं आहेत १७-१८ वर्षांची, ती तोडा, विकतचं लाकूड कशाला. नवरा म्हणतो सरळ स्टीलचं दार लावू, कटकट नको. आणि मिस्त्री रोज विचारतोय चौकटी कधी येतायत. भरवशाचा दारवाला ओळखायचा कसा? गुगलवर तर सगळ्यांनाच साडेचार स्टार आहेत."

ताई, पहिलं काम म्हणजे मिस्त्रीला गप्प करा. चौकट त्याच्या घाईने घ्यायची नाही, कारण या घाईतच लोक बाजारातून लाल प्रायमर मारलेल्या रेडीमेड चौकटी उचलून आणतात आणि त्या प्रायमरखाली काय आहे ते पहिल्या पावसात कळतं. त्याला सांगा, दाराची जागा चौकटीच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जास्त सोडून भिंत पुढे ने, आणि प्रत्येक बाजूला वर-मध्ये-खाली असे तीन काँक्रीटचे ठोकळे बसव. चिरा मऊ असतो, त्यात नुसता स्क्रू धरत नाही, ठोकळ्यात फास्टनर मारून चौकट प्लास्टरनंतरही पक्की बसते. कुरकुर करेल, पण जमतं, आणि तुम्हाला दोन-तीन महिने मिळतात. शिवाय चौकट आधी बसवली की तिच्यावरून क्युरिंगचं पाणी, सिमेंटचे ओघळ, मजुरांच्या पायाखाली उंबरा, हे सगळं होतं; नंतर बसवली की ते वाचतं ते वेगळंच.

आता माणूस ओळखायचा कसा. माझ्या मते एकच प्रश्न पुरेसा आहे, आणि तो फोनवर विचारला तरी चालतो: "पॉलिश करायच्या आधी मला दार कोरं बघायला मिळेल का, आणि त्यानंतरच पुढचा हप्ता देईन, चालेल का?" जो म्हणतो कधीही या, फक्त आदल्या दिवशी फोन करा, त्याच्याशी पुढचं बोला. जो म्हणतो मॅडम आमचं सगळं प्रोसेसमध्ये असतं, फोटो पाठवू, व्हिडिओ पाठवू, त्याला सोडा. कारण लाकडाच्या धंद्यात सगळी लबाडी पॉलिशच्या खाली लपते, झाडाच्या कडेचं पांढरं कच्चं लाकूड, गाठीत भरलेला भुसा आणि फेविकॉल, दुसऱ्याच लाकडाला मारलेला सागवानी स्टेन, जोडावरची पुट्टी, सगळं. दोन हात पॉलिशचे बसले की मलासुद्धा फोटोवरून काही सांगता येत नाही, तुम्हाला कुठून सांगता येणार.

इन्स्टावाल्याचा हिशोब करून बघू, कारण तो कागदावरच पडतो. लाकूड घनफुटाने विकतात, सीएफटी म्हणतात ते. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. तुमची चौकट ५ बाय ३ इंची धरली, दोन उभे ७ फुटी आणि वरचा-खालचा आडवा ४ फुटी, म्हणजे २२ फूट, गुणिले १५, भागिले १४४, झाले २.२९ घनफूट. झडपा दीड इंच जाडीच्या म्हणजे २८ चौरस फुटांचे साडेतीन घनफूट, आतल्या फळ्या पातळ असतात म्हणून थोडं कमी होईल पण कापण्यात वाया जातं ते त्यात धरलं की पुन्हा तिथेच येतं. म्हणजे सगळं मिळून पावणेसहा-सहा घनफूट. ३२ हजारांना सहाने भागा, घनफुटाला ५,३३३ रुपये. आणि यात लाकूड, कापणी, सुताराची मजुरी, पॉलिश, देवरुखपर्यंतचा टेम्पो आणि त्याचा नफा, सगळं आलं. आता तुमच्या जवळच्या कुठल्याही वखारीत जाऊन फक्त विचारा, बर्मा सागवानाचा घनफुटाचा रेट काय आहे. मी आकडा सांगत नाही, रेट दर महिन्याला हलतो, पण तुम्ही ऐकलात की ३२ हजारात काय बसतं आणि काय नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल. हाच हिशोब शोरूमच्या ६८ हजारांनाही लावा, तिथे उलटी शंका घ्यायची, की जास्तीचे पैसे लाकडाचे आहेत का कोरीवकामाचे का त्या एसीचे.

बर्माबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून लाकडाचे अख्खे ओंडके देशाबाहेर पाठवणं बंद केलंय. कापलेलं लाकूड येतं, जुना साठा कुणाकडे असू शकतो, जुन्या इमारती पाडल्या की त्यातलं अस्सल बर्मा निघतं, मुंबईत रे रोडच्या बाजूला ते मिळतं आणि ते खरंच सोनं असतं. पण दर दुसऱ्या रीलमध्ये दिसणारं 'फ्रेश बर्मा लॉग' हे प्रकरण मला तरी पटत नाही. आपल्याकडे बाहेरून येणारं बरंचसं सागवान घाना, इक्वाडोर अशा देशांतल्या लागवडीचं असतं. ते सागच असतो, खोटा नाही, फक्त लवकर वाढवलेला, त्यामुळे गाभा कमी आणि कडेचं पांढरं जास्त. ते घ्यायला हरकत नाही, पण त्याच्याच किमतीत घ्या, आणि बिलावर तसं लिहून घ्या. 'आफ्रिकन टीक' नावाने मात्र जे विकतात ते बहुतेकदा साग नसतंच, वेगळंच झाड असतं.

सीपी टीक म्हणजे आपलं चंद्रपूर-गडचिरोलीकडचं, बल्लारशा, आलापल्ली या भागातलं. जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून ते नाव चिकटलंय. दाराला हे लाकूड उत्तमच. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं तेव्हापासून जो तो दुकानदार 'तेच लाकूड मॅडम' म्हणायला लागलाय, तेव्हा जरा सांभाळून. सरकारी डेपोच्या लिलावातून आलेल्या मालाला लिलावाचं बिल असतं, वाहतूक पास असतो, ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. तुम्हाला दार विकणाऱ्याकडे ओंडका नसेल, पण त्याने लाकूड कुणाकडून घेतलं त्याचं बिल तरी असेलच की. दाखवा म्हणायचं. खरा माणूस कपाटातून फाईल काढतो, वैतागला तरी काढतो.

'मॅन्युफॅक्चरर' लिहिलेल्या सगळ्यांकडे कारखाना असतो असं नाही, अर्धेअधिक नुसते मधले लोक, दहा ठिकाणांहून उचलून विकणारे. हे घरबसल्या तपासता येतं आणि फुकट. त्याचा जीएसटी नंबर मागा, पंधरा अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर सर्च टॅक्सपेअर म्हणून आहे, तिथे टाका. नोंदणी कधीची, चालू आहे का रद्द झालीय, खरं नाव काय, आणि धंद्याचं स्वरूप काय, फॅक्टरी का नुसतं रिटेल, सगळं येतं. 'गेली तीस वर्षं तुमच्या सेवेत' म्हणणाऱ्याची नोंदणी मागच्या दिवाळीची निघाली तर प्रश्न विचारायचा हक्क आहे तुम्हाला. अर्थात नोंदणी जुलै २०१७ ची दिसली तर त्यावरून वय ठरवू नका, जीएसटीच तेव्हा सुरू झाला. आणि मधला माणूस म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही, पण मग दार कोण बनवतो तिथे न्या म्हणावं. इन्स्टावाला नंबरच देत नसेल तर रविवारची ऑफर त्यालाच लखलाभ.

गुगलचे स्टार म्हणाल तर ते सगळे डिलिव्हरीच्या दिवशीचे असतात. नवं पॉलिश चमकतंय, घरवाले खूश, पाच स्टार. तुम्ही रिव्ह्यू तारखेने लावा आणि जुलै-ऑगस्टमधले वाचा, त्यातही 'दोन वर्षं झाली' असं म्हणणारे. त्याहून चांगलं म्हणजे दारवाल्याला सांगा, कोकणातल्या दोन घरांचे पत्ते दे, जिथे तुझ्या दाराने निदान दोन पावसाळे काढलेत. पुण्यातल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार आपल्या काही कामाचं नाही, ते बिचारं पाऊस बघतच नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि चार महिने हवेतच पाणी असतं. त्या घरी जाऊन दार उघडून-लावून बघा, खाली घासतंय का, दोन झडपा मध्ये एका रेषेत येतात का, आतल्या फळीला उभी चीर गेलीय का, आणि घरातल्या बाईला विचारा, पुरुषाला नको, दार कधी अडकतं ते तिलाच माहीत असतं.

मग कारखान्यात जा. शोरूमचा असेल तर त्यांच्या वर्कशॉपला. तिथे मशीनं बघून भारावू नका, लाकूड कसं ठेवलंय ते बघा. फळ्या जमिनीपासून उचलून, शेडखाली, दोन थरांमध्ये आडव्या बारीक पट्ट्या टाकून हवा खेळेल अशा रचलेल्या असतील तर मालकाला लाकूड कळतं. नुसता ढीग मारलेला, वर ताडपत्री, खाली ओल, तर नाही कळत किंवा परवडत नाही, आपल्याला दोन्ही सारखंच. वाळवायची भट्टी आहे का विचारा, नसेल तर लाकूड किती दिवस पडलंय ते विचारा, कारण हवेवर वाळायला इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं असं धरतात. मग म्हणा, मीटर लावून दाखवा. ओलावा मोजायचा छोटा मीटर असतो, दोन टाचण्यांसारख्या सुया फळीत टोचल्या की आकडा येतो. आपल्याकडच्या दाराला १२ ते १४ टक्के छान, १६ पर्यंत ठीक, २० दाखवलं तर ते लाकूड अजून ओलं आहे, घरात येऊन वाळेल आणि वाळताना वाकेल. फळीच्या तोंडाशी टोचतात तिथे कमीच येतं, मध्यावर टोचायला सांगा. ज्याच्याकडे मीटरच नाही आणि जो नुसती थाप मारून 'आवाज ऐका, खणखणीत आहे' म्हणतो तो कदाचित अनुभवी असेलही, पण मग मीटर तुम्ही घेऊन जा, हजार-दोन हजारात मिळतो आणि आठ दारांच्या खर्चात तो काहीच नाही.

कोपऱ्यात पडलेल्या कापलेल्या तुकड्यांकडे लक्ष द्या, ही माझी आवडती जागा. मालक तोंडाने काहीही बोलू दे, कारखान्यात खरंच काय कापतात ते तिथे पडलेलं असतं. एक तुकडा उचला, ताज्या रंध्याचा असेल तर साग हाताला किंचित तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो. तुकड्याचं तोंड बघा, वाढीची वर्तुळं स्पष्ट दिसतात आणि त्या रेषेवर बारीक भोकांची रांग असते. कडेचा पांढरट-पिवळट पट्टा म्हणजे कच्चं लाकूड, किडीला आणि वाळवीला तेच आवडतं. ढिगात सगळे तुकडे पांढरे असतील तर चांगली गोष्ट, म्हणजे पांढरं कापून टाकतायत. ढिगात पांढरं अजिबात नाही आणि तयार चौकटींना मात्र गडद स्टेन, तर ते पांढरं कुठे गेलं ते समजून घ्या.

आणि तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. दार कुठल्या दिशेला तोंड करून आहे, वर पडवी आहे का, पावसाची झड येते का, फरशी आधी का दार आधी, हे ज्याने विचारलं त्याने कोकणात दारं लावलीत. तो झडप आणि चौकट यांच्यात फुगायला जागा ठेवतो, आतली फळी खाचेत मोकळी सोडतो, गोंदाने चिकटवत नाही, म्हणजे ती फुगली-आकसली तरी फाटत नाही. ज्याने फक्त 'डिझाईन कुठली पाहिजे' एवढंच विचारलं त्याचं कोरीवकाम सुरेख असेल हो, पण जुलैत दार लागेल का नाही ते गणपतीच जाणे.

आता सुतारकाका. खरं सांगू, मेन दारासाठी माझं मत त्यांच्याकडेच झुकतंय, फक्त एका अटीवर, की लाकूड आणायला ते तुमच्यासोबत वखारीत येतील. 'लाकूड तुम्ही आणा' हे वाक्य ऐकायला प्रामाणिक वाटतं पण त्यात जबाबदारी पूर्ण तुमच्यावर येते, दार वाकलं की काका म्हणणार लाकूड कच्चं होतं आणि वखारवाला म्हणणार सुताराने वाट लावली, तुम्ही मध्ये उभ्या. तेव्हा निवड त्यांची, पैसे तुमचे, बिल तुमच्या नावाचं. वखारीत जे मोजून दिलं ते घनफुटाचं गणित स्वतः करा, वर दिलंय तसं, मोबाईलवर दोन मिनिटं लागतात. कापून आणलेलं लाकूड निदान काही आठवडे घरात पट्ट्या टाकून ठेवा, तुमच्या हवेची सवय होऊ दे, तोवर मिस्त्रीचं प्लास्टर होतंय. काकांकडे पक्कं बिल नसेल, वेबसाईट नसेल, पण जुलैत दार अडलं तर संध्याकाळी रंधा घेऊन येतील, आणि ही सर्व्हिस कुठलंच शोरूम देत नाही, कोल्हापूरहून आंबा घाट उतरून कोण येतंय दोन मिलिमीटर रंधायला. त्यांच्या दाराला आयएसआय मार्क शोधत बसू नका, हाताने केलेल्या सागवानी दाराला तो कुणीच घेत नाही.

आतल्या चार खोल्यांना मात्र फ्लश डोअर घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लायवूड लावलेलं सपाट तयार दार, सागवानाचा खर्च तिथे करायची काही गरज नाही. आणि इथे आयएसआय मार्क नक्की बघायचा. खुणेच्या वर आयएस २२०२ असा नंबर पाहिजे, खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की लायसन्स कुणाचं, कुठल्या मालासाठी, चालू आहे का, सगळं येतं. खोटे ठसे सर्रास मारतात, त्यामुळे हे केल्याशिवाय घेऊ नका. आतल्या दारांना ३० मिमी जाडी पुरते. डीलरकडे कापलेला सॅम्पल असतो, त्यातला एक तुकडा मागून घ्या आणि घरी जुन्या पातेल्यात दोन-तीन तास चांगला उकळा. पाणी तपकिरी झालं तरी चालेल, पण थर सुटले, आतल्या पट्ट्या हाताने वेगळ्या झाल्या तर तो गोंद देवरुखच्या पावसाला पुरणार नाही. सासूबाईंना सांगून करा, नाहीतर त्या म्हणतील सुनेने लाकडाची आमटी लावली. दुसरं, फ्लश डोअरच्या कडेने खऱ्या लाकडाची पट्टी असते, दार मापापेक्षा मोठं आणून खालून-बाजूने दोन इंच कापलं की ती पट्टीच जाते आणि आतला गाभा उघडा पडतो. म्हणून फरशी बसल्यावर, प्रत्येक चौकटीचं वेगळं माप घेऊन मगच ऑर्डर. ज्या दुकानात 'स्टँडर्ड साईज न्या, तुमचा सुतार कापेल' म्हणतात तिथे घेऊ नका.

बाथरूम-संडासला लाकूड नकोच, डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं) किंवा पीव्हीसीचं दार लावा आणि विसरून जा.

सासूबाईंची झाडं. आपल्या परड्यातला साग असला तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि वाहतुकीला पास, तेव्हा आधी तुमच्या भागातल्या रेंज ऑफिसात विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका. ते जमलं तरी सतरा-अठरा वर्षांच्या झाडात गाभा थोडा आणि पांढरं बरंच निघतं, आणि आज तोडलेलं लाकूड या पावसाआधी वाळत नाही, ५ बाय ३ ची चौकट तर नाहीच नाही. पण त्यांचं मन राखायचं असेल तर एक करता येईल. परवानगी काढून एकच झाड तोडा, त्यातून इंचभर जाडीच्या फळ्या पाडून माळ्यावर वाळत ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याची गणेशपट्टी करून दारावर बसवा. पातळ लाकूड वाळतंही लवकर, वाकलं तरी दार अडत नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांना सांगता येईल की ही आपल्या झाडाची आहे. त्यांना उंबरा हवा असेल असं मला वाटतंय, पण कच्च्या लाकडाचा उंबरा हमखास फाटतो, तिथे हो म्हणू नका.

पैसे आणि कागद. तोंडी काही ठरवू नका, काकांशीसुद्धा वहीच्या पानावर का होईना लिहा, त्यांना राग येणार नाही, आला तर चहा पाजा. लिहायचं काय तर लाकूड कुठलं आणि कुठून घेतलेलं, पांढरं चालणार नाही, जाडी रंधून झाल्यावर किती (दीड इंची म्हणून सांगतात आणि रंधल्यावर सव्वा उरतं, भांडणं इथेच होतात), ओलावा किती, बिजागऱ्या पितळी का स्टीलच्या आणि झडपेला किती, पॉलिश कुठलं, आणि पहिल्या पावसाळ्यात दार अडलं तर येऊन फुकट रंधून देणार का. ॲडव्हान्स ३०-४० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, दुसरा हप्ता कोरं दार बघितल्यावर, तिसरा बसवल्यावर, आणि जमलं तर दहाएक टक्के ऑगस्टपर्यंत हातात ठेवा. शोरूमवाले वॉरंटी कार्ड देतात ते घरी नेऊन वाचा, त्यात 'हवामानामुळे होणारं आकुंचन-प्रसरण वगळून' असं वाक्य असेल तर कोकणात त्या कार्डाचा काय उपयोग ते त्यांनाच विचारा. पक्कं बिल घ्याच, पुढे काही झालं तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला फोन करताना हातात तेच लागतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी चांगले चांगले विसरतात. दार बसवायच्या आधी झडपेची वरची आणि खालची कड बोटाने चाचपा. नव्वद टक्के वेळा समोरून आरशासारखं पॉलिश आणि खालची कड कोरी, कारण ती दिसत नाही. पाणी तिथूनच वर चढतं, दार खालून काळं पडतं ते त्यामुळेच. तिथेही तेवढेच हात मारून घ्या. तसंच चौकटीची भिंतीला टेकणारी बाजू डांबर किंवा ब्लॅक जपान (डांबरी काळा रंग) मारल्याशिवाय बसवू देऊ नका, आपल्याकडे वाळवी भिंतीतूनच येते.

तुमच्या मिस्टरांचं स्टीलचं दार मागच्या बाजूला लावायला माझी हरकत नाही, तिथे झड जास्त येत असेल तर उलट बरंच. पण देवरुखपासून समुद्र लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पावडर कोटिंगला चरा गेला की आपल्या हवेत तिथून गंज सुरू होतो, त्यामुळे पत्रा गॅल्व्हनाईज्ड आहे का एवढं बिलावर लिहून घ्या. कोल्हापूरच्या शोरूमने वर्कशॉप दाखवायला हो म्हटलं तर तुकड्यांच्या ढिगाचा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो पाठवा, बघून सांगतो.